सत्तेचाळीसावं पाकीट

६ मार्च

धाकटे,

आई तुझ्याकडे महिनाभर राहायला निघालीय, म्हणून हे पत्र तिच्या पिशवीत टाकलंय. पोस्टाने आलं असतं तर अक्षर ओळखून तू न फोडताच बाजूला ठेवलं असतंस. आईच्या देखत तसं करणं तुला जमणार नाही. लबाडी आहे, पण एवढी चालवून घे. अडीच वर्षांत मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत आणि आता लिहितेय तेही कामासाठी, हे आधीच कबूल करून टाकते.

काम असं. रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा जो अभ्यास आमच्या दवाखान्यात चालला होता, तो संपत आला. नऊ दवाखाने, अकराशे माणसं, चार वर्षं. अर्ध्यांनी दर महिन्याला दवाखान्यात येऊन रक्त तपासायचं आणि आम्ही सांगू तेवढी गोळी घ्यायची. उरलेल्या अर्ध्यांना घरी छोटं मशीन. दर आठवड्याला त्यांनी आपणच बोटाला टोचून रक्त किती पातळ आहे तो आकडा बघायचा. आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर रक्ताची गुठळी व्हायची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. तुला मी हे कशाला समजावतेय, हे सगळं तू नको इतकं शिकलीस.

अभ्यासात असताना जे गेले, त्या प्रत्येकाचे कागद बाहेरचे तीन डॉक्टर वाचतात आणि मृत्यू गोळ्यांमुळे की आणखी कशाने, ते ठरवतात. आपल्या जावईबापूंच्या फाइलमध्ये शेवटच्या दहा दिवसांचं काहीच नाही. म्हणून हा सोबतचा फॉर्म. सहा प्रश्न आहेत. खरं तर घरच्यांना फोन करायचं काम दुसऱ्या नर्सकडे होतं, पण तुझ्या नवऱ्याबद्दल तुला एखाद्या परक्या बाईने फोनवर खोदून खोदून विचारावं हे मला बघवलं नसतं, म्हणून ते मी मागून घेतलं.

आणखी एक. ते गेले त्या दिवशी जिन्यापाशी तू जे म्हणालीस ते मी विसरलेले नाही. "तुला तुझी पाकिटं महत्त्वाची होती, माझा माणूस नाही." पण मशीन कुणाला आणि कुणाला नाही, हे माझ्या हातात नव्हतं. बंद पाकिटं होती, नंबराने लावलेली, येईल त्याच्यासाठी वरचं फोडायचं. त्यातून जे निघालं ते त्यांना मिळालं. सख्ख्या बहिणीसाठीसुद्धा नियम मोडायचा नाही हे मला किती जड गेलं, ते तू कधी बघितलं नाहीस.

फॉर्म भरून पाठव. नाही पाठवलास तर मी पुन्हा मागे लागणार नाही.

ताई


२४ मार्च

धाकटे,

फॉर्म पोचला. सोबत चिठ्ठीचपाटी काही नव्हती. नसणारच.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी दोनदा वाचलं. खोकल्यासाठी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या होत्या, सहा दिवसांच्या. त्या गोळ्यांनी हा आकडा भराभर चढतो. आमच्याकडे तपासणीची तारीख होती ती नेमकी त्याच आठवड्यात, आणि ते यायला निघालेही होते, हे मला माहीत नव्हतं. वाटेत फोन आला की कुठल्या तरी इमारतीत लिफ्ट मध्येच अडकलीय, आत दोन बायका आणि तान्हं बाळ आहे, म्हणून ते तिकडे वळले. आमच्या फाइलमध्ये त्या दिवसापुढे फक्त "आले नाहीत" असं लिहिलंय. अक्षर माझंच आहे.

ते इथे आले की पहिल्या मजल्यावर धापा टाकत पोचायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमच्या दवाखान्यात नुसता जिना. लिफ्टवाल्याने इथे यावं तरी कशाला?" मग बाही वर करायचे आणि सुई टोचताना दुसरीकडे बघायचे. एवढा मोठा माणूस, सहाव्या मजल्यावर दोराला लटकून काम करणारा, पण सुईला घाबरायचा. तुला हे माहीत असेलच. मला उगीच लिहावंसं वाटलं.

इथे सध्या मुख्य कार्यालयातून एक बाई आलीय. आकडेमोडीचं काम तिचं, म्हणून आम्ही तिला आकडेबाई म्हणतो. पस्तिशीची असेल. चहा विचारला तर नको म्हणते, आणि खुर्चीच्या कडेवर अशी बसते की जणू लगेच उठायचंय. प्रत्यक्षात संध्याकाळपर्यंत हलत नाही. काल तिने आमच्याकडच्या उघडून झालेल्या पाकिटांचा खोका मागितला. प्रत्येक पाकिटावर उघडल्याची तारीख आणि माझी सही असते. तिने ती सगळी टेबलावर ओळीने मांडली.

चार वर्षांच्या घाईगर्दीत एखादी तारीख इकडची तिकडे झालीच असेल. त्याचा एवढा बाऊ करण्यासारखं काही नाही.

भाचीला नववं लागलं ना? आई फोनवर सांगत होती, चित्रं छान काढते म्हणून.

ताई


४ एप्रिल

धाकटे,

आकडेबाईने मला आणि मोठ्या डॉक्टरांना समोरासमोर बसवलं. मोठे डॉक्टर म्हणजे आमच्याकडे या अभ्यासाचे प्रमुख. पुढच्या महिन्यात ते परिषदेत निकाल सांगणार आहेत. निकाल फार चांगला आहे: घरी मशीन असलेल्यांत मोठे रक्तस्राव जवळजवळ निम्मे. तो जाहीर झाला की ठिकठिकाणचे दवाखाने महिन्याच्या तपासण्या बंद करून लोकांच्या हातात मशीन देतील, अशी तयारी चाललीय. त्यामुळे डॉक्टर खुशीत होते. आकडेबाईने कागद पुढे सरकवल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला.

आमच्या दवाखान्यात सत्तावन्न माणसांना मशीन मिळालं. अभ्यासात येण्याआधी गोळ्या चुकवणारे त्यांत फक्त दोघं. ज्यांना मशीन मिळालं नाही ते एकसष्ट, आणि त्यांतले चोवीस विसराळू. बाकीच्या आठ दवाखान्यांत विसराळू माणसं दोन्हीकडे सारखी वाटली गेलीत.

"थोडं इकडे तिकडे होतं, ते मी समजू शकते," आकडेबाई म्हणाली. "पण पाकिटाला माणसाचा स्वभाव कळत नाही, सिस्टर. कुणीतरी कळवल्याशिवाय."

मग नमुना म्हणून तिने दोन पाकिटं वेगळी काढली. सत्तेचाळीस नंबरचं उघडलंय मंगळवारी. शेहेचाळीस नंबरचं बुधवारी. "हे कसं झालं?"

मी म्हटलं, तारखेचा शिक्का रिसेप्शनवरचा माणूस मारायचा, त्याने चूक केली असेल. तो गेल्या वर्षीच नोकरी सोडून गेला. जो समोर नाही त्याच्यावर ढकलणं सोपं असतं. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि आकडेबाईने ते तसंच लिहून घेतलं.

तिला जे सांगितलं नाही ते तुला सांगते. आत काय आहे ते पाकीट न फोडता मला कळायचं. कागद जाड, आतून काळा, दिव्यासमोर धरूनही काही दिसू नये अशी सगळी काळजी घेतलेली. पण ज्यात मशीन असेल त्या पाकिटात शिकवणीच्या तारखेची एक चिठ्ठी पिनेने जोडलेली असायची. अंगठा फिरवला की पीन हाताला लागायची. एवढ्या शिकलेल्या लोकांनी चार वर्षांचा अभ्यास आखला आणि पिनेचा विचार कुणी केला नाही.

पहिले तीन महिने मी अंगठा फिरवूनही नाकासमोर चालले. मग एका आजीबाईंना मशीन निघालं. डोळ्यांत मोतीबिंदू, एकट्या राहायच्या. मी डॉक्टरांना म्हटलंही, यांना दिसणार नाही. ते म्हणाले, पाकीट म्हणतं ते म्हणतं. महिन्याभराने त्यांना आणलं तेव्हा पाय घोट्यापासून काळा पडला होता. एक पॉइंट दोन त्या दोन पॉइंट एक वाचत होत्या. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्यानंतर मी ठरवलं की ज्याला मशीन झेपेल त्यालाच ते जाईल, आणि जो विसरेल, धांदरटपणा करेल, त्याला मी माझ्या डोळ्यांसमोर ठेवीन. समोर माणूस बसलेला असायचा, मला त्याची नस न नस माहीत असायची, आणि निर्णय मात्र पाकिटाने करायचा? मला ते पटलं नाही. मी वरचं पाकीट मागे सारायचे आणि हवं ते काढायचे. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी काही केलं नाही. वरचं पाकीट होतं तेच तुमच्या दोघांसमोर फोडलं. हे अगदी खरं आहे आणि ते तुला कळावं म्हणून हे पत्र.

ताई


११ एप्रिल

धाकटे,

मागच्या पत्रातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी मी तुला फसवलं. आठवडाभर ते पत्र छातीवर बसलंय. आज सुट्टी काढून घरी थांबलेय, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहितेय, आणि सगळं लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय.

तीन वर्षांपूर्वी, त्या फेब्रुवारीत, सोमवारी तुझा फोन आला होता. हृदयातली झडप बदलण्याचं ऑपरेशन होऊन त्यांना तीन महिने झाले होते आणि तू म्हणालीस, बुधवारी आम्ही दोघं येतो, त्यांना अभ्यासात घे. म्हणालीस, "ताई, ते कामावरून वेळेवर कुठे येतात? महिन्याच्या महिन्याला दवाखान्यात यायचं म्हणजे यांचं काही खरं नाही. घरी मशीन मिळालं तर मी दर रविवारी धरून बसवीन त्यांना."

मी म्हटलं, बघू.

फोन ठेवल्यावर मी गठ्ठ्यावर अंगठा फिरवला. शेहेचाळीस साधं होतं. सत्तेचाळीसमध्ये पीन होती. त्याच्यापुढची दोन साधी, मग पन्नासमध्ये पुन्हा पीन. मंगळवारी कुणीतरी एक जण येईल, तो शेहेचाळीस नेईल, आणि बुधवारी तुम्ही याल तेव्हा वर सत्तेचाळीस असेल. मला काही करावंच लागणार नव्हतं. मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. एकदा तरी नियम पाळूनच माझ्या माणसाचं भलं होणार होतं.

मंगळवारी एक शिंपी आला. साठीचा, किडकिडीत, गळ्यात मोजमापाची टेप तशीच राहिलेली. त्याची बायको चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. घरात तिसरं कुणी नाही. तो दवाखान्यात आला होता तोसुद्धा शेजारणीला बसवून, आणि सारखा घड्याळाकडे बघत होता. मी त्याला समजावलं की मशीन मिळालं तर बोटाला सुई टोचून घ्यावी लागेल. तो म्हणाला, "सिस्टर, बोटाला सुई लागणं हे तर माझं रोजचंच काम आहे." आणि हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी शेहेचाळीस बाजूला सारलं आणि सत्तेचाळीस त्याला दिलं.

त्या क्षणी मला बुधवार आठवत नव्हता असं मी म्हणू शकते. तू विश्वासही ठेवशील. पण मला आठवत होता. मी मनाशी म्हटलं, पन्नासमध्ये आहेच की, उद्या ते पुढे काढू.

बुधवारी तुम्ही आलात. ते धापा टाकत खुर्चीत बसले. तू माझा हात धरून म्हणालीस, "ताई, बघ ना काहीतरी." हे तू मोठ्याने म्हणालीस आणि मोठे डॉक्टर दारात उभे होते. ते गमतीने म्हणाले, "बघा हां सिस्टर, आता तुमची परीक्षा." मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "इथे कुणाची ओळख चालत नाही. वरचं निघेल ते." आणि शेहेचाळीस फोडलं. आतला कागद बघून तुझा चेहरा उतरला. डॉक्टर नंतर चार लोकांत सांगायचे, आमच्या सिस्टरने सख्ख्या बहिणीचं ऐकलं नाही म्हणून. मी ते कौतुक ऐकून घ्यायचे. बारा-तेरा वेळा तरी ऐकून घेतलं असेल.

पन्नास नंबरचं हात लांबवलं तर मिळालं असतं. आधी आणि नंतर मिळून तिसाहून जास्त वेळा मी ते केलं, ज्यांचं माझं काही नातं नाही अशांसाठी. तुझ्या वेळी मला माझं नाव सांभाळायचं होतं.

म्हणजे तू म्हणत आलीस की मी नियमाला चिकटून राहिले आणि तुझा माणूस गेला. तसं नाही. नियम पाळला असता तर मशीन त्यांनाच मिळालं असतं. सत्तेचाळीस नंबर त्यांचा होता. मी तो आदल्या दिवशी दुसऱ्याला देऊन टाकला आणि उरलेलं पाकीट नियम म्हणून तुमच्यासमोर फोडलं.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

ताई


३ मे

धाकटे,

आई म्हणाली, पत्रं तू फाडत नाहीस, कपड्यांच्या कपाटात ठेवतेस. वाचतेस की नाही ते तिला माहीत नाही. मी लिहितेच आहे.

सोळा एप्रिलला मी आकडेबाईपुढे जाऊन सगळं सांगितलं. ती रागावली नाही. कागद पुढे ओढून म्हणाली, कुठली कुठली पाकिटं, नंबर सांगा. मी आठवून आठवून एकतीस सांगितली. तिने लिहून घेतली. मग विचारलं, "आणि बाकीच्यांचं?"

"बाकीचं नक्की आठवत नाही."

"मग सगळीच गेली," ती म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं. त्या दिवशी तिने पहिल्यांदा चहा घेतला.

आमच्या दवाखान्याची एकशे अठराच्या एकशे अठरा माणसं अभ्यासातून वगळली. ती वगळल्यावर निकाल काय उरला ते ऐक. मशीनवाल्यांत रक्तस्राव थोडेसे कमी दिसतात, पण इतके थोडे, की ते मशीनमुळे की निव्वळ योगायोगाने, ते सांगता येत नाही. तो सगळा निम्म्याचा डामडौल माझा होता. मी नीटनेटकी माणसं उचलून मशीनच्या बाजूला बसवली आणि धांदरट माणसं दुसऱ्या बाजूला. मग मशीन गुणी दिसलं यात नवल काय? आकडेबाई म्हणाली, पाकिटं असतात ती एवढ्यासाठीच, की तुमच्या चांगुलपणाचाही हात तिथे पोचू नये.

मोठ्या डॉक्टरांनी परिषदेतलं भाषण रद्द केलं. माझ्याशी ते एकच वाक्य बोलले. "त्या दिवशी मी दारात उभा राहायला नको होतं." त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. चौकशी चालू आहे आणि तोवर मला तळमजल्यावर ड्रेसिंगच्या खोलीत टाकलंय. दिवसभर जखमा धुते आणि पट्ट्या बांधते. काम बरं आहे, समोर दिसतं तेवढंच करायचं असतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. ते गेले त्या दिवशी कागदांवर सही करताना मोठ्या डॉक्टरांनी तुला विचारलं होतं, अभ्यासातून त्यांची माहिती काढून टाकायची का? तू म्हणालीस, "राहू द्या. कुणाच्या तरी उपयोगी पडू दे." मी शेजारी उभी होते. आता एकशे अठरांबरोबर तेही वगळले गेले. तीन डॉक्टरांनी तुझा फॉर्म वाचला होता, गोळ्यांमुळे मेंदूत रक्तस्राव झाला असं ठरवलंही होतं. तो कागद आता कुठल्याच मोजणीत नाही. तू त्यांचं जे शेवटचं देऊन टाकलं होतंस, ते मी वाया घालवलं.

आणि जिन्यापाशी तू मला आणखीही एक विचारलं होतंस, आठवतं? "एवढंच सांग, मशीन असतं तर ते वाचले असते का?" मी म्हटलं होतं, सांगता येत नाही. तुला वाटलं मी टाळतेय. धाकटे, अकराशे माणसं घेऊन, चार वर्षं घालून, आम्ही दुसरं काही शोधत नव्हतो. तुझाच प्रश्न होता तो. त्याचं उत्तर मिळालं असतं, निदान बरंचसं मिळालं असतं, आणि तुझ्यासारख्या कितीतरी जणींना मिळालं असतं. आमची माणसं गळाल्यावर उरलेली उत्तराला पुरत नाहीत. आणखी चार वर्षांचा नवा अभ्यास करावा लागेल, तोवर सगळे दवाखाने अंदाजाने चालतील.

त्या रविवारी तू त्यांना धरून बसवलं असतंस, आकडा पाच-सहा दिसला असता, तू मला फोन केला असतास आणि मी म्हटलं असतं, आजची गोळी देऊ नको, घेऊन ये. मला हे दिसत राहतं. कदाचित तसं झालंही नसतं. ते त्या रविवारीही कुणाची तरी लिफ्ट सोडवायला गेले असते. मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करते आणि कुठेच पोचत नाही.

ताई


२५ मे

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. अडीच वर्षांनी तुझं अक्षर आणि त्यात एकच ओळ: "तो शिंपी जिवंत आहे का?"

आहे.

तू का विचारलंस ते मला माहीत नाही. "आहे" वाचून तुला राग येईल की कसं, तेही माहीत नाही. मी काही सारवासारव न करता सांगते. तो जिवंत आहे आणि ठणठणीत आहे. त्याची बायकोही आहे. तो दर सोमवारी मशीनवर आकडा बघतो आणि शिवणकामाच्या मापांच्या वहीत शेवटच्या पानांवर लिहून ठेवतो. तीन वर्षांत दोनदाच आकडा तीनच्या वर गेला आणि दोन्ही वेळा त्याने त्याच दिवशी फोन केला. त्याला बघून मला आनंद होतो. आनंद झाला की लगेच लाज वाटते, आणि हे मला तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

दवाखान्याने एकशे अठराही जणांना पत्रं पाठवली: पाकिटं नीट उघडली गेली नव्हती, म्हणून आपली माहिती अभ्यासात धरलेली नाही, आपले उपचार चालू राहतील. जे गेले त्यांच्या घरीही पाठवली, म्हणजे तुलाही एक आलं असेल. ते छापील कोरडं पत्र तुझ्या हातात पडण्याआधी माझं पडलं होतं, एवढंच मला बरं वाटतं.

शिंपी ते पत्र घेऊन गुरुवारी ड्रेसिंगच्या खोलीत आला. बाहेर बाकावर चार माणसं बसलेली, मी एकाचा गुडघा धूत होते. तो थांबला. माझं काम झाल्यावर त्याने कागद पुढे केला आणि विचारलं, "सिस्टर, हे काय आहे? माझं काही चुकलं का?"

मला नाही म्हणून त्याला वाटेला लावता आलं असतं. तशी सवय आहे मला. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की तुमचा नंबर शेहेचाळीस होता, मशीन सत्तेचाळीसमध्ये होतं, आणि ते दुसऱ्या दिवशी आलेल्या माणसाचं होतं.

त्याने पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "ते कोण होते?"

"लिफ्ट दुरुस्त करायचे. बेचाळीस वर्षांचे."

"होते म्हणजे?"

मी सांगितलं. तो उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. "त्यांना मुलंबाळं?"

"एक मुलगी. ते गेले तेव्हा सहा वर्षांची होती. माझी भाचीच ती. ते माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान."

एवढं सांगून मीच मान खाली घातली. मला वाटलं, आता हा मला काहीतरी बोलणार. त्याने विचारलं, "मशीन परत करायचं का?" मी म्हटलं, नाही, ते आता तुमचंच आहे, ते सोडू नका. त्याने मान हलवली. जायला निघाला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"मला त्यांच्या घरी जायचंय," तो म्हणाला. "जाऊन काय बोलायचं ते मला माहीत नाही. पण ज्यांच्या वाट्याचं माझ्याकडे आलं, त्यांच्या दारात एकदाही न जाणं, हे मला जमणार नाही. तुमच्या बहिणीने दारातूनच घालवलं तरी चालेल. पत्ता द्या."

मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय देणार नाही.

धाकटे, आधीच्या वेळी तुला न विचारता, तुझ्या वाट्याचं काय करायचं ते मी परस्पर ठरवलं. म्हणून हे विचारतेय. तो भला माणूस आहे, आणि त्याचा यात काही दोष नाही. तरी तुला त्याचं तोंड बघावंसं वाटलं नाही तर तेही बरोबर आहे. मी त्याला तसं सांगेन आणि त्याला ते समजेल. बायकोजवळ बसायला शेजारीण रविवारी दुपारी मोकळी असते, म्हणून तो रविवारी येऊ शकेल, असं म्हणाला.

त्याला पत्ता देऊ का? हो किंवा नाही, एवढंच कार्डावर लिही.

त्याच्याबरोबर मीही येऊ का, हे विचारायची मला हिंमत नाही. म्हणून विचारत नाही.

ताई